अंगावर बांधलेली हवा

दसरा सरला की आष्टी तालुक्यात गावोगावी ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या भरायला लागतात. ऊसतोडीचा हंगाम तोंडावर आलेला असतो. नवराबायकोच्या जोडीला इकडे एक कोयता म्हणतात. असा एकेक कोयता पुढच्या पाच-सहा महिन्यांचा संसार ट्रॉलीत चढवतो: पिठामिठाचे डबे, तवा, कळशी, कोपीसाठी म्हणजे फडाकडेच्या झोपडीसाठी ताडपत्री, शेळी असली तर शेळीसुद्धा. या सगळ्यात एक गाठोडं फक्त थंडीसाठी असतं. त्यात गोधड्या, एखादी वाकळ, म्हाताऱ्या सासऱ्याची घोंगडी, बाजारातून आणलेलं ब्लँकेट, कानटोप्या, मफलर आणि बाईनं साडीवर चढवायचा नवऱ्याचा लांब बाह्यांचा सदरा.

थंडीच्या प्रवासाची तयारी म्हटलं की डोळ्यांपुढे मनालीचा बर्फ येतो. या तालुक्यातल्या कडा गावाहून मनालीला जाणारे आहेतच, केदारनाथला जाणारेही आहेत, आणि त्यांच्या बॅगेकडे आपण येणारच आहोत. पण या मुलखातून दरसाल थंडीचं सामान बांधून मोठ्या संख्येनं निघतात ते ऊसतोडीला जाणारे. त्यांच्या गाठोड्यातलं पदार्थविज्ञान एव्हरेस्ट चढणाऱ्याच्या पाठपिशवीतल्या विज्ञानाहून तसूभरही वेगळं नाही. कोणतंही शास्त्र न शिकवता हे ज्ञान सासूकडून सुनेकडे चालत आलं, याचं मला फार नवल वाटतं.

आधी थंडी पाहू. कडा हे गाव पर्जन्यछायेच्या पट्ट्यात, अहिल्यानगर-बीड वाटेवर. इथली हिवाळी हवा कोरडी आणि आकाश निरभ्र. डिसेंबर-जानेवारीत दुपारी पारा २८-२९ अंशांवर असतो आणि पहाटे १२-१३ अंशांवर उतरतो. उत्तरेची लाट आली की एक आकडी होतो. एका दिवसात १५-१६ अंशांचा हा फरक येतो कुठून? दिवसभर तापलेली जमीन रात्री अदृश्य किरणांच्या रूपानं उष्णता आकाशाकडे सोडत राहते. ढग आणि हवेतली वाफ त्यातली बरीचशी उष्णता परत खाली पाठवतात, म्हणून कोकणातली रात्र उबदार राहते. आपल्याकडे ढगही नसतात आणि दमटपणाही नसतो, त्यामुळे उष्णता सरळ निघून जाते. गार झालेली हवा जड होते आणि सखल भागाकडे सरकत जाते. नदीकाठच्या, पाटाच्या कडेच्या ज्या ओल्या सखल जमिनीत ऊस उभा असतो, नेमकी तिथेच ती साचते. पहाटे फडात शिरणाऱ्या माणसाला गावातल्यापेक्षा जास्त थंडी लागते, आणि तीही दवानं भिजलेल्या पाचटातली.

आता गाठोड्यातली ऊब शोधू. रात्री अंगणात गोधडीची घडी ठेवा, आत थर्मामीटर सरकवा आणि पहाटे बाहेर काढा. तो बाहेरच्या हवेचंच तापमान दाखवेल. गोधडीत ऊब नसते, घोंगडीत नसते, हजारो रुपयांच्या जॅकेटमध्येही नसते. ऊब आपणच तयार करतो. शांत बसलेल्या प्रौढ माणसाच्या शरीरातून सुमारे १०० वॅट उष्णता सतत बाहेर पडत असते. भाकरी, पिठलं, शेंगदाणे यांतली ऊर्जा पेशीपेशींत हळूहळू जळते आणि शरीराचा गाभा ३७ अंशांवर राहतो. कपड्याचं काम एवढंच की ही उष्णता लगेच निसटू द्यायची नाही.

ते काम कापड करतं असं आपल्याला वाटतं, आणि सगळ्या विषयातली खरी गंमत इथेच आहे. लोकरीच्या किंवा सुताच्या तंतूतून उष्णता बऱ्यापैकी सहज जाते. तिला खरा अडसर करते ती तंतूंच्या मधली हवा, आणि तीही हललीच नाही तर. स्थिर हवेइतकी उष्णतेला अडवणारी दुसरी गोष्ट आपल्या रोजच्या वापरात जवळपास नाहीच. पाण्यातून उष्णता हवेच्या सुमारे चोवीसपट वेगानं वाहते. म्हणून ओला सदरा अंगावर असणं कधीकधी उघड्या अंगापेक्षाही वाईट. हवेचा स्वभाव मात्र चंचल. अंगाजवळची हवा तापली की हलकी होऊन वर जाते, तिच्या जागी गार हवा येते. वारा तर तिला पळवूनच नेतो. जगातला प्रत्येक उबदार कपडा म्हणजे या चंचल हवेला अंगाभोवती जखडून ठेवण्याची एकेक युक्ती आहे. कपडा किती जड यापेक्षा त्यानं किती हवा धरली, हे विचारायला हवं.

या युक्त्यांमध्ये मला सर्वांत थोर वाटते ती घोंगडी.

बीड, अहिल्यानगर, सोलापूरच्या माळांवर धनगरांचे कळप फिरतात ते दख्खनी मेंढ्यांचे. ही मेंढी लहानखुरी, काटक, बहुधा काळी. वर्षातून दोनदा तिची लोकर कातरतात. कातरण्याआधी कळप ओढ्याच्या पाण्यात धुऊन घेतात. एका मेंढीची वर्षाची लोकर भरते साधारण अर्धा किलो. ऑस्ट्रेलियातली मेरिनो मेंढी चार-पाच किलो आणि तीही रेशमासारखी मऊ लोकर देते. तिच्यापुढे आपली मेंढी गरीब वाटेल. पण तिचा एक तंतू सूक्ष्मदर्शकाखाली धरला की मत बदलतं. तंतूवर कौलांसारखे खवले एकावर एक बसलेले असतात. तंतू सरळ नसतो, त्याला नागमोडी वळण असतं, त्यामुळे दोन तंतू एकमेकांना चिकटून पडत नाहीत आणि मधे हवेची जागा राहते. दख्खनी लोकरीच्या पुष्कळशा तंतूंच्या गाभ्यातही बारीक पोकळ्या असतात. म्हणजे तंतूंच्या मधे हवा, आणि तंतूच्या आतही हवा.

घोंगडी टोचते, त्याचंही उत्तर तिथेच सापडतं. मेरिनोचा बारीक तंतू १७ ते २० मायक्रॉन जाड असतो. लडाखच्या चांगथांगमधल्या शेळ्यांची पश्मिना त्याहूनही बारीक, १५ मायक्रॉनच्या आसपास. एवढा बारीक तंतू त्वचेला टेकला की वाकतो. ३० मायक्रॉनच्या पुढचा तंतू वाकत नाही, तो त्वचेतल्या मज्जातंतूंच्या टोकाला ढोसतो. कापडात असे जाड तंतू शेकडा पाचच्या पुढे गेले की माणूस खाजवायला लागतो. दख्खनी लोकर बहुतेक या मर्यादेच्या पलीकडची. म्हणून धनगर आत सुती बाराबंदी किंवा सदरा घालतो आणि घोंगडी वरून पांघरतो. गिर्यारोहणाच्या दुकानांत अंगालगतचा मऊ थर आणि वरचा उबदार थर वेगळे ठेवा असं जे सांगतात, ते हेच.

सूत कातायचं बायकांनी, विणायचं सणगरानं, अशी जुनी वाटणी. विणकर जमिनीतल्या खड्ड्यात पाय सोडून मागावर बसतो. ताण्याला चिंचोक्याची खळ लावतात: चिंचोके भाजून, भिजवून, वाटून आणि शिजवून केलेला चिकट रस. खळीनं सूत ताठ होतं, विणताना तुटत नाही, आणि नव्या घोंगडीला तो कडकपणा येतो ज्याबद्दल शहरातले लोक तक्रार करतात. मला तो तिचा गुणच वाटतो. पावसात धनगर घोंगडीचा कोपरा दुमडून डोक्यावर खोळ करतो तेव्हा ती अंगाला चिकटत नाही, अंगापासून थोडी दूर, राहुटीसारखी उभी राहते. आत हवेचा एक मोठा कप्पा तयार होतो. पाऊस खवल्यांवरून आणि लोकरीच्या नैसर्गिक तेलावरून ओघळून जातो.

आणि आता ती गोष्ट, जी पहिल्यांदा वाचली तेव्हा मला खरी वाटली नव्हती. पावसाळी दमट हवेत घोंगडी स्वतः उष्णता देते. लोकरीचा तंतू बाहेरून थेंब झटकतो, पण हवेतली वाफ मात्र आत ओढून घेतो, स्वतःच्या वजनाच्या जवळपास एक तृतीयांश, आणि तरीही हाताला ओला लागत नाही. वाफेचे रेणू तंतूतल्या केराटिन या प्रथिनाला जाऊन बिलगतात आणि बिलगताना त्यांच्याजवळची ऊर्जा उष्णतेच्या रूपानं सोडतात. पूर्ण कोरडी एक किलो लोकर वाफेनं तृप्त होईपर्यंत सुमारे ९६० किलोज्यूल उष्णता बाहेर टाकते. शांत बसलेला माणूस अडीच तासांहून अधिक वेळात जेवढी उष्णता देतो, तेवढी ही झाली. माळावरची घोंगडी काही पूर्ण कोरडी नसते, म्हणून तिच्याकडून यातला एक हिस्साच मिळतो. पण तो मिळतो नेमका पाऊस सुरू होताना, अंगात शिरशिरी येते त्या घटकेला. कोरड्या झोपडीतून दमट रात्रीत बाहेर पडणाऱ्या माणसाला त्याचं पांघरूण मिनिटाभरात शेक देऊ लागतं. याला चमत्कार म्हणायला माझी हरकत नाही, फक्त त्याचं गणित आपल्याला माहीत आहे.

अशी ही लोकर आज कवडीमोल झाली आहे. कातरणीची मजुरीसुद्धा तिच्या विक्रीतून निघत नाही, म्हणून पुष्कळ ठिकाणी ती फेकून देतात. मटणाला भाव असल्यानं अनेक धनगरांनी कळपात माडग्याळ जातीचे नर आणले. सांगली जिल्ह्यातल्या जतकडची ही मेंढी अंगानं भरते, पण तिच्यावर लोकर नावालाच. हिशोब त्यांच्या बाजूनं बरोबर आहे आणि त्यांना दोष देता येत नाही. पण विणकराला लोकर मिळाली नाही तर माग बंद पडतो, आणि माग एकदा बंद पडला की पुढच्या पिढीचे हात ते काम विसरतात. याचं दुःख मला वाटतं आणि ते लपवावं असं वाटत नाही.

घोंगडीची जागा ज्या जाड ब्लँकेटनं घेतली त्याची कथाही थक्क करणारी आहे. महाराष्ट्रातल्या आठवडी बाजारांत मिळणारी स्वस्त ब्लँकेटं बरीचशी पानिपतहून येतात. पानिपत म्हटलं की मराठी मन १४ जानेवारी १७६१ ला जाऊन पोचतं: संक्रांतीचे दिवस, उत्तरेचा कडाका, उपाशी फौज. दख्खनच्या हवेत वाढलेली माणसं त्या हिवाळ्यात अडकून पडली होती. आज त्याच गावात युरोप-अमेरिकेतले टाकलेले स्वेटर आणि कोट गठ्ठ्यांनी उतरतात. कारागीर त्यांची बटणं आणि चेन काढतात, रंगारंगानं ढीग लावतात, यंत्रात कापड पिंजून पुन्हा तंतू करतात आणि त्यातून सूत काढून ब्लँकेट विणतात. रंग आधीच निवडलेला असल्यानं बऱ्याचदा नव्यानं रंगवावंही लागत नाही. विलायतेतल्या कुणाच्या तरी जुन्या कोटाची लोकर उसाच्या फडाकडेच्या कोपीत एखाद्या लेकरावर पांघरलेली असू शकते. अलीकडे पानिपतलाही पॉलिस्टरच्या मऊ ब्लँकेटांचा जोर वाढला आहे. ती हलकी आणि लवकर वाळणारी. पण कोपीत चुलीची ठिणगी पडली तर पॉलिस्टर वितळून कातडीला चिकटतं. लोकर सहसा पेट घेत नाही, काळी पडून विझते. चुलीजवळ निजणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

गोधडीकडे येऊ. जुनी नऊवारी लुगडी, धोतरं, सदऱ्यांचे तुकडे एकावर एक मांडायचे आणि धावदोऱ्यानं कडेपासून आतपर्यंत शिवत जायचं. दोन थरांच्या मधे हवेचा पातळ पापुद्रा राहतो. थर पाच असले तर असे चार. टाके नसते तर थर सरकून एका जागी गोळा झाले असते. टाके फार घट्ट घातले तर थर दाबले जातील आणि हवा निघून जाईल. टाका किती जवळ घ्यावा, दोरा किती ओढावा, याचं माप कुठल्याही पुस्तकात नाही. ते आजीच्या बोटांत असतं. आणि देखणेपण? जांभळ्या खणाशेजारी पिवळा तुकडा, मधे लाल चौकट, चारी कडांना वेगळी पट्टी. बीडकडच्या गोधड्या पाहताना रंगांची अशी बेधडक जमवाजमव कुठल्या कलाशाळेत शिकवत असतील असं वाटत नाही. उबेसाठी थर हवेच होते. त्यात सौंदर्य बायांनी स्वतःहून घातलं.

गोधडीची दुबळी बाजू म्हणजे ती सुती असते. सूत पाणी पितं, आणि भिजलं की त्यातली हवेची जागा पाणी घेतं. म्हणून कोपीत गोधडी जमिनीवर टेकू द्यायची नाही. खाली आधी उसाचं वाळलेलं पाचट जाडसर पसरायचं, वर ताडपत्री किंवा पोतं, त्यावर अंथरूण. यात फार मोठं शहाणपण आहे. आपण पांघरुणाची काळजी करतो आणि अंथरूण विसरतो. अंगाच्या भारानं खालची गोधडी दाबली जाते, तिच्यातली हवा निघून जाते आणि गार जमीन रात्रभर अंगातली उष्णता शोषत राहते. पाचट मात्र ताठ असतं, दाबलं तरी पुरतं चेपत नाही, त्याच्या काड्यांमधे हवा टिकून राहते. हिमालयात तंबूत अंगाखाली घालतात ती फोमची चटई हेच काम करते. साडीवर चढवलेला सदराही तसाच दुहेरी कामाचा: उसाच्या पात्याची करवत हाताला लागू देत नाही आणि दंड, खांदे, पाठ यांच्यावर हवेचा एक थर वाढवतो. फडातल्या बायकांचा तो पोशाख कुणी फॅशन म्हणून पाहत नाही. मी पाहतो. गरजेनं घडलेला इतका नेमका पोशाख क्वचित दिसतो.

आता मनाली-केदारनाथवाल्यांची बॅग. कड्याच्या माणसाची खरी पंचाईत होते ती मे महिन्यात. चारधामची दारं अक्षय्य तृतीयेच्या सुमारास उघडतात. इकडे तेव्हा पारा चाळिशीला टेकलेला, पेटीतून स्वेटर काढायची कल्पनाही घाम फोडते. केदारनाथ ३,५८३ मीटरवर आहे, म्हणजे कड्याहून जवळपास ३,००० मीटर उंच. दर हजार मीटरला सुमारे साडेसहा अंश या हिशोबानं निव्वळ उंचीमुळेच १९-२० अंश कमी होतात, शिवाय अक्षांश आणि बर्फ वेगळेच. रात्री पारा शून्याच्या आसपास किंवा खाली जातो. चाळीस अंशांत उभं राहून शून्य अंशांची बॅग भरायची, तर अंदाजावर विसंबू नये, थरांवर विसंबावं.

गौरीकुंडाहून वर १६ किलोमीटरहून अधिक चढण आहे. चढताना शरीर बसलेल्या माणसाच्या चार-पाचपट उष्णता तयार करतं. जो माणूस खालूनच जाड जॅकेट चढवून निघतो तो तासाभरात घामानं चिंब होतो, आणि वर पोचून थांबला की तोच घाम त्याला गोठवतो. थंडीत घाम हा मोठा शत्रू. म्हणून अंगालगत पातळ लोकरीचं किंवा पॉलिस्टरचं थर्मल घालावं. पॉलिस्टर पाणी जवळजवळ शोषतच नाही, त्यामुळे घाम बाहेर सरकतो. सुती बनियन इथे नको, ते घाम धरून बसतं. दुसरा थर स्वेटरचा किंवा फ्लीसचा. फ्लीस १९७९ मध्ये अमेरिकेतल्या माल्डेन मिल्सनं बाजारात आणलं: पॉलिस्टरच्या विणीवर तंतू खरवडून लव उभी करायची आणि त्या लवेत हवा धरायची. म्हणजे मेंढीनं जे केलं तेच माणसानं यंत्रानं केलं. तिसरा थर वारा अडवणारा, पातळ असला तरी चालेल. स्वेटरच्या विणीतून वारा सहज आरपार जातो आणि आतली हवा घेऊन जातो. तापमान शून्य अंश आणि वारा ताशी ३० किलोमीटर असेल तर उघड्या त्वचेला ते उणे साडेसहासारखं जाणवतं. वाऱ्याचा असा हिशोब सायपल आणि पॅसल या दोघांनी अंटार्क्टिकावर पाणी गोठायला लागणारा वेळ मोजून प्रथम मांडला आणि १९४५ मध्ये छापला. चढताना वरचे थर काढून पिशवीत ठेवायचे, थांबलं की घाम वाळण्याआधी घालायचे. एवढं पाळलं तर निम्मी लढाई जिंकली.

पायांबाबत बहुतेकांची एक समजूत असते: मोजे दोन जोड, म्हणजे ऊब दुप्पट. बूट तोच राहिला तर उलट होतं. दोन मोजे कोंबल्यानं बूट आवळतो, लोकरीतली हवा दाबून बाहेर जाते, रक्ताचा ओघ मंदावतो आणि बोटं अधिक गार पडतात. एकच जाड लोकरीचा मोजा आणि बुटात बोटं हलवायला जागा, हे बरं. हातमोज्यांतही बोटं वेगवेगळी असलेल्यापेक्षा चार बोटं एकत्र राहणारे अधिक उबदार, कारण बोटं एकमेकांची उष्णता वाटून घेतात. आणि कानटोपी. अंगातली निम्मी उष्णता डोक्यातून जाते असं सर्रास ऐकू येतं. ते खरं नाही, डोक्याच्या वाट्याला शरीराच्या पृष्ठभागाचा दहावा हिस्साच येतो. पण बाकी सगळं झाकलेलं आणि तेवढंच उघडं असलं तर गळती तिथूनच होणार. म्हणून माकडटोपी घातलेल्या आजोबांना नातवंडांनी फोटोसाठी ती काढायला लावू नये.

छान दिसण्याचा प्रश्न बायकांच्या बाबतीत अधिक टोकदार होतो, कारण साडी. यात्रेतल्या कितीतरी जणी ‘आमच्यानं पँट घालवत नाही गं बाई’ म्हणून पातळ साडीवर स्वेटर घालून निघतात आणि पायांनी कुडकुडतात. हा प्रश्न आपल्याकडे सर्वांत मोठ्या धैर्यानं सोडवला आनंदीबाई जोशींनी. ७ एप्रिल १८८३ रोजी कलकत्त्याहून त्यांची बोट निघाली तेव्हा त्या अठरा वर्षांच्या होत्या. फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयात शिकायचं, तिथल्या बर्फात राहायचं आणि पोशाख मात्र आपलाच ठेवायचा, हा त्यांचा निश्चय. नऊवारीच्या काष्ट्यात पोटऱ्या उघड्या राहतात. त्या थंडीत ते चालणं शक्य नव्हतं. मग त्यांनी गुजराती पद्धतीची, पाय घोट्यापर्यंत झाकणारी साडी नेसायला सुरुवात केली. १८८५ च्या ऑक्टोबरात काढलेला एक फोटो प्रसिद्ध आहे: जपानची केई ओकामी, सीरियाची साबात इस्लामबुली आणि साडीतल्या आनंदीबाई, तिघी आपापल्या देशाच्या पोशाखात. त्या फोटोत मला एक बुद्धिमान मुलगी दिसते, जिनं थंडीला उत्तर दिलं आणि आपलं रूप सोडलं नाही.

तिनं केलं ते शास्त्रालाही धरून होतं. कपड्याची ऊब मोजायला १९४१ मध्ये ‘क्लो’ हे एकक ठरलं: २१ अंशांच्या खोलीत स्वस्थ बसलेल्या माणसाला आरामात ठेवणारा पोशाख म्हणजे एक क्लो. अलीकडे माधवी इंद्रगंटी आणि त्यांच्या बर्कलीतल्या सहकाऱ्यांनी उष्णता मोजणाऱ्या पुतळ्याला साडी नेसवून मोजमापं घेतली. पदर कसा घेतला, दंड आणि खांदे किती झाकले यावर त्याच साडीची ऊब बदलते, असं त्यांना दिसलं. सदरा किंवा पँट शिवली की तिचं माप ठरून जातं. साडी घटकेघटकेला जमवता येते. म्हणून यात्रेला निघणाऱ्या बाईनं साडी सोडायची गरज नाही. परकराखाली लोकरीची किंवा थर्मलची चुडीदार, ब्लाउजच्या आत पूर्ण बाह्यांचं पातळ थर्मल, सिंथेटिकऐवजी जाडसर साडी, खांद्यावरून पुरा घेतलेला पदर, वर कमरेखाली येणारं वारा अडवणारं जॅकेट. चढावर निऱ्या घोट्याच्या वर घ्याव्यात, नाहीतर बर्फाच्या पाण्यात काठ भिजतो आणि पाणी वर चढत जातं.

आणि देखणेपणासाठी मराठवाड्याबाहेर जायची गरज नाही. छत्रपती संभाजीनगरची हिमरू शाल सुती आणि रेशमी धाग्यांची असते. तिच्या नक्षीचे जादा धागे मागच्या बाजूनं मोकळे लोंबत राहतात, आणि त्या मोकळ्या धाग्यांच्या थरात हवा सापडते. पुढे वेलबुट्टी, मागे ऊब. एकच धागा दोन्ही कामं करतो. संध्याकाळी मुक्कामाला पोचल्यावर, आरतीला जाताना जॅकेटवर अशी शाल घेतली तर फोटोही छान येतो आणि मानही गार पडत नाही. रंगांबाबत माझं एकच मत: थर्मल आणि स्वेटर गडद, एकमेकांत मिसळणारे घ्यावेत म्हणजे तीन कपड्यांत आठ दिवस निघतात, वरचं जॅकेट मात्र लाल, पिवळं, केशरी असावं. धुक्यात माणूस चुकला तर तेवढ्या रंगावरून सापडतो.

बॅग भरताना पिसांचं किंवा जाड भरावाचं जॅकेट दाबून तळाशी कोंबलं तरी हरकत नाही, पण मुक्कामी पोचताच ते काढून झटकून टांगावं. दाबलेली पिसं फुलली, त्यांत हवा शिरली, की मगच ते जॅकेट उबदार होतं; बॅगेतून काढून तसंच घातलं तर सुरुवातीचा काही वेळ फुकट जातो. वारा अडवणारा थर आणि कानटोपी सगळ्यांत वर, हाताशी. कोरडे मोजे वेगळ्या प्लास्टिकच्या पिशवीत, फक्त झोपताना घालायचे.

परत आल्यावर लोकरीचे कपडे न धुता पेटीत टाकू नका. कसरीची अळी केराटिन पचवते. हे प्रथिन इतकं चिवट की फार थोड्या जिवांना ते पचतं, आणि या अळीला ते जमतं. घामाचे आणि तेलाचे डाग तिला अधिक आवडतात. म्हणून कपडे गार पाण्यात हलक्या साबणानं धुवावेत, पिळू नयेत, सपाट पसरून वाळवावेत आणि मग पेटीत घालावेत. आपल्याकडे वाळलेला कडुलिंबाचा पाला घड्यांमधे घालतात, त्यानं अळी लांब राहायला मदत होते. पण पाल्यावर भिस्त ठेवून पेटी वर्षभर बंद ठेवू नये. दोन-तीन महिन्यांनी एकदा सगळं बाहेर काढून कडक उन्हात घालावं आणि घड्या झटकाव्यात, कारण अळीला उजेड आणि हालचाल सहन होत नाही. कड्याला ऊन कधी कमी पडत नाही.